जुळू न दिलेली शीर

सुनंदाअक्का पेशंटजवळ गेली की आधी पाय हातात घेत नसे. ती वाकायची आणि एक मोठा श्वास घ्यायची. मग सरळ उभी राहून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काल किती झाली?"

ज्यांची झालेली नसे ते गोंधळून जात. ज्यांची झालेली असे ते छताकडे बघत.

जळगावच्या त्या हाडांच्या हॉस्पिटलात मी लागले तेव्हा पस्तिशीची होते. मुलं शाळेत जायला लागली होती आणि सात वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा फिजिओथेरपीच्या कामाला हात घातला होता. अक्का तिथली प्रमुख, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी. उंच, रुंद हाडाची, केस इतके घट्ट बांधलेले की भुवयासुद्धा वर ओढल्यासारख्या दिसत. पहिल्या दिवशी तिनं माझं प्रमाणपत्र पाहिलं, नाव वाचलं आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"पाचोरा."

त्या दिवसापासून मी पाचोरेवाली. माझं नाव तिनं पुढे कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे येणारे निम्मे पेशंट तुटलेल्या शिरांचे असत. शीर म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा जाड, पांढरा पट्टा. डॉक्टर त्याला कंडरा म्हणतात, पण खानदेशात सगळे शीरच म्हणतात आणि अक्काही तेच म्हणायची. टाचेमागची तुटते, खांद्यातली फाटते, गुडघ्याच्या वाटीवरची सुटते. डॉक्टरसाहेब टाके घालून ती जोडत आणि आमच्याकडे पाठवत. ऑपरेशन झालं म्हणजे सगळं झालं, अशा समजुतीत पेशंट येई आणि अक्का त्याच्यासमोर स्टूल ओढून बसे.

"हे बघा, टाके दोन टोकं जवळ धरून ठेवतात, एवढंच. मधली जागा तुमच्या शरीरानं विणायची आहे. रोज थोडी थोडी, जास्त करून तुम्ही झोपलेले असता तेव्हा. दारू पिऊन माणूस झोपत नाही, पडतो. त्या रात्री विणकाम होत नाही, झालं तरी सैल होतं. वाळलेलं मांस व्यायामानं भरायचं, तर दारू तेही धड भरू देत नाही. जखम चिघळायची भीती वेगळीच. वर दुखणं कळत नाही, तोल राहत नाही, मग नको तिथे पाय पडतो. आता सांगा, किती झाली?"

हे सगळं ती एका दमात बोलायची. पण तिचा खरा भरवसा ॲप्रनच्या खिशातल्या शिंप्याच्या टेपवर होता. मांडी, पोटरी, दंड, काय असेल ते दर सोमवारी मोजून ती लिहून ठेवायची.

फैजपूरकडचे एक केळीवाले काका होते. घड उचलताना खांद्यातली शीर फाटली होती. चार आठवडे झाले तरी दंड जिथल्या तिथे. अक्कानं विचारलं तर म्हणाले, "अक्का, मी तं बाटलीले हातबी लावला नाही." ती त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. पुढच्या खेपेला त्यांच्या बायकोला बोलावून घेतलं, टेप कुठे आणि कशी लावायची ते शिकवलं आणि सांगितलं, "दर सोमवारी मोजायचं. वाढलं नाही तर मला फोन. बाटली कुठे ठेवतात ते तुम्हाला माहीतच असेल."

महिन्याभरानं काका आले ते हात जोडूनच. "अक्का, तुमी मले मारा, पण हिच्या हातातली टेप काढून घ्या."

खांदा बरा झाल्यावर ते केळीचा घड घेऊन आले. अक्कानं घडाकडे पाहिलं नाही. विचारलं, "उचलला कोणी?"

"गड्यानं."

"मग ठेवा."

लोक तिला कडक म्हणत. मी चार वर्षं तिच्या हाताखाली काढली, म्हणून सांगते, कडक हा शब्द अपुरा आहे. ती डूख धरणारी होती. हॉस्पिटलच्या जीपचा ड्रायव्हर एकदा तिला एरंडोलला विसरून निघून आला होता. पुढे दोन वर्षं त्या जीपमध्ये ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं असलं तर माझ्याकडे बघून सांगायची, "पाचोरेवाली, गाडी डावीकडे घ्यायला सांग." तो बिचारा आरशातून बघत डावीकडे घ्यायचा. एका दिवाळीला औषध कंपनीच्या माणसानं डॉक्टरसाहेबांसाठी भारी दारूची बाटली तिच्याकडे दिली. तिनं ती बेसिनमध्ये रिकामी केली, पुन्हा त्याच रंगीत कागदात नीट गुंडाळली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब हसले. तो माणूस मात्र पुढे कधी आमच्या मजल्यावर आला नाही.

"अक्का, सोडून द्या ना," मी कधी म्हटलं, तर तिचं उत्तर ठरलेलं, "माझ्या लक्षात राहतं."

असं का, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. धुळ्याला तपासणी शिबिर होतं. पारोळ्याला चहासाठी थांबलो. रस्त्याकडेच्या मैदानात शाळेची मुलं कबड्डी खेळत होती. अक्का चहाचा ग्लास हातात तसाच धरून बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "मन्हा भाऊ यास्नापेक्षा भारी खेळे." हॉस्पिटलात ती शुद्ध बोलायची. अहिराणी तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

तिचा मोठा भाऊ भटू. दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावात कबड्डीचं मंडळ होतं आणि भटू त्याचा चढाईपटू. पंचक्रोशीत त्याच्यासारखा कोणी नव्हता. राज्याच्या संघाच्या निवडीला त्याला बोलावलं होतं. निवड झाली असती तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी नक्की होती. निवडीला पाच महिने असताना धुळ्याच्या एका सामन्यात त्याच्या डाव्या टाचेमागची शीर तुटली. कोणी मागून दगड मारला असं वाटून त्यानं वळून पाहिलं म्हणे. मागे कोणी नव्हतं.

ऑपरेशन झालं. प्लॅस्टर निघाल्यावर टाचेखाली उंची दिलेला एक बूट दिला, तीन महिने काढायचा नाही म्हणून. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की दारूचा थेंब नको. ते सांगताना खोलीत आई होती, बारावीतली सुनंदा होती आणि मंडळाचा कप्तान होता. सुरेश त्याचं नाव, सगळे त्याला नाना म्हणत.

"तोच नाना रोज दुपारी घरी यायचा," अक्का म्हणाली. "आई शेतात. नाना पिशवीतून बाटली आणायचा. म्हणायचा, पोराला दुखतंय, जरा विसर पडू दे. मी चहा करून द्यायचे. मला वाटायचं, मित्र आहे. भटू आधी पीत नव्हता असं नाही, पण सणावारी. त्या तीन महिन्यांत तो रोज प्यायला लागला. पोटरी काठीसारखी झाली. जखमेतून पू आला. आणि एक दिवस बूट काढून ओट्यावरून उतरायला गेला आणि शीर पुन्हा तुटली. या खेपेला शिवायला काही उरलंच नव्हतं."

संघात भटूच्या जागी नानाच्या धाकट्या भावाची निवड झाली. नोकरीही त्यालाच लागली. सुनंदानं बारावीनंतर हट्टानं फिजिओथेरपीला प्रवेश घेतला.

"नानानं मुद्दाम केलं असेल?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. माहीत असतं तर..." तिनं थंड झालेला चहा ओतून टाकला. म्हणाली, "पण बूट भटूनं स्वतः काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, आईनं पाया पडून सांगितलं होतं. प्यायला आणि काढला. त्या वर्षापासून मी त्याला भाऊबीज केली नाही."

"इतकी वर्षं?"

"माझ्या लक्षात राहतं."

भटू आता दोंडाईच्याच्या मिरची बाजारात तोलाईचं काम करत होता. लंगडत चालायचा. दारू त्यानं केव्हाच सोडली होती. तरीही नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका सकाळी व्हीलचेअरवरून एक पेशंट आला. पन्नाशी उलटलेला, गोरा, गळ्यात सोन्याची साखळी. पायरीवरून घसरून गुडघ्याच्या वाटीवरची शीर तुटली होती, तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी जोडली होती. बरोबर बायको, कमलकाकू. मी कागद अक्काकडे दिला. तिनं नाव वाचलं, गाव वाचलं आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"नाना आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, ही केस ती मला देईल. पण ती उठली, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. त्यानं तिला ओळखलं नाही. चहा आणून देणाऱ्या मुलीकडे कोण बघतं? अक्कानं पाय तपासला, पट्टा तपासला, व्यायाम दाखवले. सगळं चोख. फक्त तिनं वाकून श्वास घेतला नाही आणि विचारलं नाही.

खरं तर वास घ्यायला वाकायचीही गरज नव्हती. तो दारातून आत आला की मला पलीकडच्या खाटेपाशी कळायचं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. हॉलमधल्या प्रत्येकाला ती विचारत होती, म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा. नानाच्या खाटेपाशी आली की तिचं तोंड बंद. सोमवारी ती त्याची मांडी मोजायची, आकडा लिहायची आणि तो आदल्या सोमवारपेक्षा कमी असला की पेन जरा जास्त दाबून लिहायची. पेनाचा तो दाब मी पाहिलाय.

चौथ्या आठवड्यात मी तिला लिनन ठेवायच्या खोलीत गाठलं. "अक्का, तो रोज पिऊन येतो."

"हो."

"तुम्ही काही बोलत नाही."

"डॉक्टरांनी त्याला सांगितलंय. लिहूनही दिलंय. माझ्या भावालाही सांगितलं होतं." टॉवेलांची घडी करता करता ती म्हणाली, "मी त्याला पाजत तर नाही ना? मी नुसती चहाच्या कपासारखी बाजूला आहे. तेव्हाही तशीच होते."

मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. थोडी तिची भीती होती, आणि थोडं असंही वाटत होतं की होऊ दे.

सहाव्या आठवड्यात ते झालं. हॉल भरलेला होता. नानाच्या शेजारच्या खाटेवर बँकेतला एक तरुण कारकून होता, टाचेची शीर तुटलेला. तो कुरकुरत होता की तीन महिने बिअरही नाही म्हणजे काय. नाना मोठ्यानं हसला.

"अरे, त्यात तथ्य आहे बरं का! आमच्या मंडळात एक होता, भटू नावाचा. वाघ होता वाघ! त्याची टाच अशीच तुटली. डॉक्टर मला म्हणे, याला दारू पाजू नका, शीर जुळणार नाही. मी म्हटलं, वा! डॉक्टरनंच उपाय सांगितला की!" त्यानं मांडीवर थाप मारली. "तीन महिने रोज पाजली लेकाला, स्वतःच्या हातानं. आमचा धाकटा गेला मग त्याच्या जागी."

कारकून हसला नाही. अक्का एका आजींच्या पायाला वाळूचं वजन बांधत होती. तिनं आजींचे दहा पुरे करून घेतले. आठ, नऊ, दहा. वजन सोडलं, हात धुतले, पुसले आणि नानासमोर येऊन उभी राहिली.

"नाना, त्या भटूला एक बहीण होती. आठवते?"

"होती एक. चहा आणायची."

"साखर फार टाकायची. तुम्ही म्हणायचात तिला, तुझा नवरा मधुमेहानं मरेल."

नाना तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला, कारण ते जायला हवं हे त्याला उशिरा कळलं.

"सहा आठवडे तुम्ही पिऊन आलात आणि मी तुम्हाला एकदाही अडवलं नाही," अक्का म्हणाली. "मांडी साडेतीन सेंटीमीटर वाळलीय. पाय सरळ उचलला की गुडघा लटकतो. हा तुमचाच उपाय आहे, नाना. मी तुमच्यावर करून पाहिला."

मोठा गोंधळ झाला. नाना ओरडला, साहेबांकडे गेला. साहेबांनी अक्काला बोलावलं, मी पाठोपाठ गेले. तिनं काही लपवलं नाही. साहेब रागानं लाल झाले होते. "हे तुम्ही पेशंटला मुद्दाम केलंत? मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता काढू शकतो."

"काढा. माझी तक्रार नाही."

"पस्तावा तरी?"

तिनं विचार केला. "लाज वाटते, साहेब. पस्तावा नाही."

साहेबांनी तिला महिनाभर घरी बसवलं. नाना धुळ्याला दुसरीकडे जायला लागला. तीन आठवड्यांनी बाथरूममध्ये पडला. शीर पुरती तुटली नाही, पण जोडलेल्या जागी सैल झाली, लांबली. कमलकाकूंनी त्याला परत आणून दाखवलं, तर पुन्हा ऑपरेशन केलं तरी दारू सुटल्याशिवाय उपयोग नाही असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हा कमलकाकू एकट्या अक्काच्या घरी गेल्या. त्या दिवशी मी तिथे होते.

"बाई, तुमचं वैर खरं आहे," काकू म्हणाल्या. "त्यांनी तुमच्या भावाला पाजली, आणि तीच सवय स्वतःला लावून घेतली. वीस वर्षं मी ती झेलतेय. त्यांना उभं करा. तुमच्याखेरीज कोणाला ते भीत नाहीत."

अक्कानं काकूंना बसायला स्टूल ओढून दिलं. मग म्हणाली, "दोन अटी. दारूचा थेंब नाही. दुसरी अट ते जिना चढतील त्या दिवशी सांगेन."

साहेबांनी तिला परत घेतलं, पण नानाच्या कागदावर रोज माझी सही लागेल असं ठरलं. दारू एकदम तोडली तर जिवावर बेतेल म्हणून नानाला आधी आठवडाभर भरती करून घेतलं. त्याचे हात चमचा धरता येणार नाही इतके कापत होते. मग व्यायाम सुरू झाले, आणि त्या पाच महिन्यांत अक्कानं जो सूड घेतला तो साहेबांच्या कुठल्याही नियमात बसणारा होता. ती दहापर्यंत मोजायची. पण तिच्या दहाला आमचे वीस लागायचे. "सहा... नाना, गुडघा लटकला, परत पहिल्यापासून... एक..." नाना घामानं भिजायचा, शिव्या गिळायचा. एकदा तो रडला. ती म्हणाली, "रडा. तीन राहिले." आणि दर सोमवारी मांडी भरत गेली. ती आता आकडा मोठ्यानं वाचायची. त्याच्या बरं होण्याचा तिला आनंद होता असं मला एकदाही वाटलं नाही. तिला तो कशासाठी तरी हवा होता.

डिसेंबरात नाना हॉस्पिटलचा जिना कठडा न धरता चढला. वर पोचून त्यानं खाली उभ्या असलेल्या अक्काकडे पाहिलं.

"दुसरी अट," ती खालूनच म्हणाली. "दोंडाईच्याला यायचं. हॉलमध्ये जे सांगितलं ते भटूसमोर सांगायचं. त्याच शब्दांत."

"आणि नाही आलो तर?"

"नका येऊ. पाय आता तुमचा आहे, मी काही तो परत घेऊ शकत नाही."

नाना मान खाली घालून उभा राहिला. शेजारी कमलकाकू होत्या. त्या हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "तुम्ही गेला नाहीत तर मी जाऊन सांगेन."

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही चौघं सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं निघालो. अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा. दोंडाईच्याला उतरल्यावर नानानं रिक्षाला हात केला. अक्का म्हणाली, "पायी."

मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानांवर, लाल मिरची पसरलेली, नजर जाईल तिथवर. पहिल्या श्वासालाच आम्ही खोकायला लागलो. एका पथारीच्या कडेला, तोलकाट्याशेजारी, खुर्चीवर एक दणकट माणूस बसला होता. बाजूला दहा-बारा बायका मिरच्यांचे देठ खुडत होत्या. अक्काला पाहून तो उठला. डावा पाय आधी उचलून टाकावा लागत होता. मग त्याला नाना दिसला.

"नाना? बस ना," भटूनं खुर्ची पुढे केली. त्याचा आवाज मोकळा होता. इतक्या वर्षांत एकदाही न भेटलेला मित्र भेटायला आलाय, एवढंच त्याला वाटलं असावं.

नाना बसला नाही. जमिनीकडे बघत त्यानं सांगायला सुरुवात केली. शब्द तोंडातल्या तोंडात. डॉक्टर असं म्हणाले, मी असं म्हटलं, धाकट्याची निवड व्हावी म्हणून पाजली. भटू ऐकत होता. चेहरा हलला नाही. नाना थांबल्यावर तो म्हणाला, "आखो सांग."

नानानं पुन्हा सांगितलं.

"जोरमा सांग. त्या बायासले आयकू नही उनं."

बायकांचे हात थांबले होते. नानानं तिसऱ्यांदा सांगितलं, मोठ्यानं, आणि यावेळी तो शेवटापाशी थांबला नाही. कदाचित तिसऱ्यांदा सांगताना माणसाला थांबता येत नसेल. "आणि बूट... बूट तू काढला नव्हता, भटू. तू खाटेवर आडवा झालेला. मी काढला. म्हटलं, ऊठ, चढाई करून दाखव. तुला उठवून ओट्यापर्यंत मीच आणलं."

मी अक्काकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. तिचा हात तोंडाकडे गेला आणि अर्ध्यातच राहिला.

भटू खुर्चीत बसला. "मी काढा नव्हता?" त्यानं विचारलं. नानाला नाही, अक्काला. "सुनंदा, मी नव्हता काढा?"

ती त्याच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली.

नाना वाकला, भटूच्या पायाला हात लावायला गेला. "माफ कर, भटू."

भटूनं पाय मागे घेतला. "नही," तो म्हणाला. आवाज न चढवता, भाव सांगावा तसं. "जाय आते. पायी जाय. मी देखस."

नाना निघाला. पथारींमधली पायवाट लांबलचक होती. तो नीट चालत होता, गुडघा जेमतेम दिसेल इतका लटकत होता. भटू त्याच्या पायांकडे बघत राहिला, तो वळणाआड जाईपर्यंत. कमलकाकू थोडं अंतर ठेवून मागून गेल्या.

परतीची गाडी तासाभरानं होती. मी अक्काला म्हटलं, "निघायचं?" तिनं ऐकलं नाही. ती भटूपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली होती आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मग तिनं समोरच्या ढिगातून ओंजळभर मिरच्या ओढल्या आणि इतर बायकांसारखे देठ खुडायला लागली. तिला ते जमत नव्हतं, मिरच्या मधूनच मोडत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, हात जळतीन, फडकं गुंडाळ."

अक्कानं फडकं घेतलं नाही.

पुढच्याच महिन्यात नवऱ्याच्या बदलीमुळे मी जळगाव सोडलं. अक्का तोवर दोंडाईच्यालाच रजेवर होती, तिचा निरोप घेता आला नाही. म्हणून मला ती दिसते ती हॉस्पिटलातली नाही, त्या पथारीवरची. मी एकटीच परत निघाले आणि पायवाटेवरून एकदा मागे वळून पाहिलं तेव्हा भटूनं डबा उघडला होता. त्यानं भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे धरली. तिचे हात लाल झाले होते, घ्यायला तिच्याकडे धड बोट नव्हतं. तेव्हा त्यानं घास मोडला, चटणीला लावला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.